जन्मतारखेचा रकाना

४ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद शेवटी देते, आधी बातमी ऐक. मी बोटीने जाणार आहे. समुद्रावर, दहा दिवस.

आता खुर्ची ओढ आणि नीट वाच. फोनवर सांगितलं असतं तर तू 'हं, हं, बरं, ठेवू का' म्हणून मोकळा झाला असतास, म्हणून मुद्दाम कागद घेतला. आनंदाच्या भरात लिहितेय. अक्षर लावून घे.

हे गेल्याला दीड वर्ष झालं. त्याआधी आठ वर्षं ते अंथरुणावर. दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवावं लागे, त्यामुळे घरापासून एका तासाच्या पलीकडे मी कधी गेलेच नाही. एक तास जायला, एक यायला. भाजी, बँक, दवाखाना, संपलं माझं जग. तक्रार करत नाही, नुसतं सांगतेय. ते गेल्यावरही कित्येक महिने मी बाहेर पडले की सारखी घड्याळ बघायची आणि धापा टाकत घरी यायची. घरात कोणी वाट बघत नाही, हे दार उघडल्यावर लक्षात यायचं.

गेल्या जुलैत वरच्या मजल्यावरच्या बाईंनी मला हाताला धरून साठीपार मंडळात नेलं. तुला तेव्हा बोलले नाही, कारण तू खो खो हसला असतास. साठ पूर्ण झालेल्यांना घेतात, गावोगावी शाखा आहेत. मला वाटलं होतं, सगळे आपापले गुडघे घेऊन बसले असतील. बसतात, नाही असं नाही. पण एक निवृत्त कंडक्टरबाई तिथे आम्हाला मोबाइल शिकवते, आणि एखादी मागे रेंगाळली की अजूनही 'पुढे चला, पुढे चला' म्हणते. दर मंगळवारी डोळे तपासतात. औषधं स्वस्त मिळतात. आणि दर वर्षी मे महिन्यात मंडळाची बोट निघते.

तिच्यात पाचवा दिवस असा आहे की सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुठलाच किनारा दिसत नाही. पत्रकात छापलंय. मी तेवढी ओळ दहा वेळा वाचली. घर दिसत नाही, जमीन दिसत नाही, घाईने परत जायची सोयच नाही. धाकट्या, मला तो दिवस हवाय.

आता अडचण. पासष्टच्या पुढच्या सभासदाला एकट्याने जाता येत नाही, जोडीला आणखी एक सभासद लागतो. मी सहासष्टची. इथल्या सगळ्यांच्या जोड्या लागल्या आहेत. माझी लेक काही साठीची नाही. राहिलास तू. वीस एप्रिलच्या आत तू तुझ्या गावच्या शाखेत सभासद झालास की आपली जोडी लागली. अर्ज सोबत आहे, चार ओळी भरायच्या आणि सही ठोकायची.

भावजयीला विचार. ती नको म्हणणार नाही. आता आशीर्वाद.

ताई


११ मार्च

ताई, नमस्कार.

तू बोटीवर जा, चंद्रावर जा, मी सामान उचलायला येतो. पण मला म्हाताऱ्यांच्या यादीत घालू नकोस.

तुला माहीत नाही असं नाही. तरी पुन्हा सांगतो, कारण सांगितल्याशिवाय माझा जीव शांत होत नाही. गेल्या मार्चमध्ये कंपनीने मला भिंतीवरचं घड्याळ हातात देऊन घरी पाठवलं. कागदावर साठ पूर्ण. खरं वय अठ्ठावन्न. लिफ्टदुरुस्तीच्या अडतीस वर्षांच्या नोकरीत एकदाही माझ्या लिफ्टमध्ये माणूस अडकून राहिला नाही, आणि मला शेवटची दोन वर्षं काम करू दिलं नाही, का, तर बाबांनी शाळेत घालताना चारचे सहा लिहून टाकले. कशाची घाई झाली होती त्यांना, देव जाणे. वर्गात सगळ्यांत लहान मी, बाकावर बसलो की पाय लोंबायचे, आणि म्हातारा होण्यात मात्र पहिला नंबर.

घरातली गंमत तर विचारूच नकोस. तुझी भावजय माझ्यापेक्षा आठ महिन्यांनी मोठी. तिचा कागद खरा आहे, म्हणून तिची अजून चार महिने नोकरी आहे. रोज सकाळी कडक इस्त्रीची साडी नेसून ती रुग्णालयातला वॉर्ड सांभाळायला जाते, आणि मी दारात उभा राहून विचारतो, 'डबा घेतलास का?' सांग, माणसाने कुठे बघावं?

तर त्या कागदाने मला एकदा घरी बसवलं. आता त्याच कागदावर मी आपणहून सही करून सांगू की हो, मी साठीपार? निवृत्तीच्या दिवशी मी ठरवलंय, ती तारीख मी परत स्वतःच्या हाताने कुठेही लिहिणार नाही.

शिवाय मला मिळणार काय तिथे? औषधं मी घेत नाही. मंडळाचं मासिक असेल, तर ते मी वाचत नाही. सभासदाचं कार्ड काय, गळ्यात घालून हिंडू?

दुसरी कोणी मैत्रीण बघ. एवढी कंडक्टरबाई आहे, तिला पुढे चल म्हण.

धाकटा


१६ मार्च

धाकट्या,

कंडक्टरबाईची जोडी तिच्या नणंदेशी आहे. मी सगळीकडे विचारून झालंय, उगाच तुझ्या दाढीला हात लावत नाही.

बाबांना ह्यात आणू नकोस. ते गेले, त्यांना सुखाने राहू दे. तेव्हाचे दिवस वेगळे होते, कोणाच्या मनात काय होतं ते तुला काय माहीत. असो. ते जाऊ दे.

मी एवढंच म्हणते, सभासद होऊ नकोस, पण बघून तरी ये. न बघता नावं ठेवायची ही तुझी लहानपणापासूनची खोड. कारल्यासारखी भाजीही तू ताट सरकवून मग चाखायचास. एक दुपार जा. कंटाळा आला तर मला लिही, 'ताई, तुझं मंडळ भिकार आहे,' मी एक शब्द बोलणार नाही.

मी कॅनव्हासचे बूट घेतले, पांढरे. ओल्या फळीवर घसरत नाहीत म्हणे. घरात घालून चालते, कचकच वाजतात. खालच्या बाईंनी वर येऊन विचारलं, काय चाललंय म्हणून. मी म्हटलं, सराव.

वीस एप्रिल लक्षात ठेव.

ताई


२७ मार्च

ताई,

तुझं मंडळ भिकार आहे असं लिहायचं मी घरातून निघतानाच ठरवलं होतं. आता काय लिहू? तुला सविस्तरच सांगतो, कारण दुसरं कोणी ऐकून घेत नाही. भावजय तुझी तिसऱ्या वाक्याला झोपली.

शाखा चौथ्या मजल्यावर. इमारत मंडळाचीच, जुनी. लिफ्टही जुनी, जाळीच्या दाराची. मी आत शिरलो, माझ्याबरोबर काठी घेतलेल्या एक आजी, एक जाडे गृहस्थ आणि दोघी जणी. दार लावलं, बटण दाबलं. निघतानाच मी कान टवकारले. वर पोचलो आणि लिफ्ट मजल्याच्या एक वीत खाली थांबली. एक वीत, ताई. त्या आजींनी काठी वर टेकली, दोघींनी त्यांना काखेतून उचललं, आणि त्या विहिरीतून निघाल्यासारख्या बाहेर आल्या. कोणाला त्याचं काही वाटलं नाही. 'अशीच आहे ती,' म्हणाले.

अशीच नसते. लिफ्ट कधी अशीच नसते. ब्रेकचं अस्तर झिजलंय, माणसं भरली की ती मजल्याखाली घसरते. आवाजावरूनच कळलं मला. देखभालवाले सहा महिन्यांनी येतात, आरसा पुसतात आणि जातात.

मंडळाचं कामकाज एक मुख्याध्यापिकाबाई बघतात, निवृत्त, पंच्याहत्तरीच्या, आवाज असा की मी उभाच राहिलो. मी म्हटलं, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीची किल्ली द्या, दोन दिवसांत मजल्याला मजला लावून देतो. त्या म्हणाल्या, 'आपण सभासद आहात?' म्हटलं, नाही, मी बघायला आलोय. त्या म्हणाल्या, 'मग बघा.' सभासद नसलेल्याला किल्ली देता येत नाही, असा नियम आहे. मागे कोणी तरी पाण्याच्या टाकीत पडला होता.

पुढे ऐक. साठ-सत्तर जणांची शाखा, पण वर येतात वीस. बाकीचे त्या एका वितीपायी घरी बसलेत. मला दुपारभर चैन पडेना. एक निवृत्त घड्याळजी भेटले, त्यांचं-माझं असं जमलं की चहा गार झाला. चाळीस वर्षं स्प्रिंगा आणि चाकं बघितलेला माणूस, मी लिफ्टच्या ब्रेकबद्दल बोलत होतो आणि तो मान डोलावत होता. वर्षभरात माझं बोलणं असं कोणी ऐकलं नव्हतं.

शेवटी मी अर्ज मागितला. हो, मागितला. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, धंदा लिहिला. आणि जन्मतारखेच्या रकान्यात पेन अडकलं. खोटी लिहायची नाही असं मी ठरवलेलं. बाईंना सरळ विचारलं, खरी लिहिली तर? त्यांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, 'मग तुम्ही एकोणसाठ. पुढच्या वर्षी या.' अर्ज घडी करून खिशात घातला आणि जिना उतरून घरी आलो.

घरी आल्यावर संताप असा आला की बाबांचा फोटो भिंतीवरून काढला आणि कपाटात, ब्लँकेटांच्या खाली ठेवला. एक माणूस एका शब्दाने दुसऱ्याचं किती बिघडवू शकतो, बघ. त्यांनी चार म्हटलं असतं तर मी अजून कामावर असतो. आणि चार म्हटलं नाही, म्हणून तुझी बोट अडली. हे माझ्यामुळे नाही, त्यांच्यामुळे.

मला माफ कर. तू बूट घेतलेस ते वाचून वाईट वाटलं.

धाकटा


२ एप्रिल

धाकट्या,

फोटो आधी बाहेर काढ. मग पुढे वाच. मी थांबते.

बाबांनी तुझं वय लिहिलं नाही. मी सांगितलं. मी एकटीने.

मी अकरा वर्षांची होते, पाचवीत. आईला रुग्णालयाच्या धुलाईखान्यात काम लागलं, सकाळी सातपासून. तुला सांभाळायला कोणी तरी हवं होतं. एका रविवारी जेवताना ठरलं की उद्यापासून ताई शाळेत जाणार नाही. कोणी रागावून बोललं नाही, कोणी मला विचारलंही नाही. आई मला जास्तीची भाकरी वाढत होती, तेवढ्यावरून मला कळलं की ठरलं.

तीन दिवस मी तुला घेऊन घरी बसले. तू भिंतीवर कोळशाने रेघा मारायचास आणि मी खिडकीतून शाळेची घंटा ऐकायची. चौथ्या दिवशी मी तुझं तोंड धुतलं, माझा जुना सदरा तुला घातला, बाह्या दुमडल्या, आणि तुला घेऊन शाळेत गेले. तू पहिलीत बसलास तर मला पाचवीत बसता येईल, एवढंच माझं गणित. सहाच्या खाली घेत नव्हते. मास्तरांनी वय विचारलं. मी म्हटलं, सहा. तारीख विचारली. तुझी खरी तारीख मला पाठ होती, मी साल दोनने मागे ओढलं आणि न अडखळता सांगितलं. मास्तरांनी तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि लिहिलं.

घरी मी सांगितलं की मास्तर स्वतःच म्हणाले, धाकट्याला आणत जा. महिन्याभराने बाबा शाळेत सही करायला गेले आणि त्यांना कळलं. संध्याकाळी ते मला विहिरीपाशी भेटले. मला वाटलं, आता पाठ फुटणार. ते म्हणाले, 'आता खोडू नकोस. त्याने विचारलं तर मी केलं म्हणून सांग.' तू मोठा झाल्यावर त्यांनी स्वतःच तुला ते तसं सांगितलं आणि मी गप्प राहिले. ते असताना गप्प, ते गेल्यावर गप्प. गेल्या वर्षी तुझ्या निरोपाच्या दिवशी तू बाबांना नाही नाही ते बोलत होतास आणि मी शेजारी बसून कपात चहा ओतत होते.

त्या एका शब्दावर मी दहावी झाले. आकडे येत होते म्हणून गणवेशाच्या कारखान्यात मला शिवणाऐवजी बेतायला बसवलं. चाळीस कापडांची चळत एका कापात कापायची, बोटभर चुकलं तर चाळीस सदरे वाया. तीस वर्षांत माझं माप चुकलं नाही. हे आजारी पडले तेव्हा त्याच कामाच्या साठवलेल्या पैशावर घर उभं राहिलं. हे सगळं तुझ्या दोन वर्षांचं आहे. मी ती घेतली. तुला न विचारता घेतली.

बोटीचं राहू दे. ते काही आता महत्त्वाचं नाही. बाबांवर राग धरू नकोस, माझ्यावर धर.

ताई


१४ एप्रिल

धाकट्या,

बारा दिवस झाले. फोन केला, तू घेतला नाहीस. ते बरोबरच आहे.

वीस तारखेला सकाळी मंडळात जाऊन मी माझं नाव काढून घेईन, म्हणजे तुझ्यावर त्याचं दडपण नको. मला समुद्र नाही मिळाला तर काही बिघडत नाही. तू मात्र हवास. शिव्या लिहिल्यास तरी चालेल, पण लिही.

ताई


१७ एप्रिल

वन्सं,

नमस्कार. ड्युटीवरून आल्या आल्या लिहितेय, मोजकंच लिहीन.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी हे जेवले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, 'ताईचं आहे,' आणि कपाट उघडून ब्लँकेटं खाली ओढली, मामंजींचा फोटो काढला, पुसला आणि जागेवर लावला. त्यानंतर त्याच्यासमोर खुर्ची टाकून किती वेळ बसले होते. मी चहा नेला तर म्हणाले, 'ह्यांना मी वर्षभर काय काय बोललो.'

गेले आठ दिवस सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन बाहेर पडतात आणि दिवेलागणीला येतात. कुठे जाता विचारलं तर 'कामाला' म्हणतात. मला वाटतं, कुठे तरी नोकरी शोधताहेत आणि मिळत नाही म्हणून बोलत नाहीत. कपड्यांना ग्रीसचा वास येतो. पण शीळ घालतात, वन्सं. वर्षभराने ह्यांनी शीळ घातली. रागावलेला माणूस शीळ घालतो का, तुम्हीच सांगा. तुम्ही ह्यांना लहानपणापासून ओळखता.

तुम्ही नाव काढायची घाई करू नका. मला तुमचं पत्र ह्यांनी वाचायला दिलं. वाचून मी रडले, खोटं कशाला बोलू. आमच्या धुलाईखान्यात अजून बायका सातला येतात.

तुमची भावजय


१९ एप्रिल

ताई,

आधी कामाचं. तू उद्या नाव काढायला जाशील तेव्हा तुला हाकलून देतील. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी तुझ्या शाखेला फोन करून आपली जोडी पक्की केलीय. यादीत आपण बारावे आणि तेरावे. हे पत्र तुला त्यानंतरच मिळेल हे मला माहीत आहे. थोडं घाबरायला तुला हरकत नव्हती.

आता बाकीचं. मी रागावलो. तुझं पत्र पहिल्या दिवशी चार वेळा वाचलं आणि चारही वेळा रागावलो. वय सांगितलंस म्हणून नव्हे. मी बाबांना बोलत होतो आणि तू चहा ओतत होतीस, म्हणून. एक वाक्य बोलली असतीस तर एक वर्ष तो म्हातारा माझ्या शिव्या खात बसला नसता. हा राग अजून थोडा आहे. बोटीवर घेऊन येईन, तिथे काय तो संपवू.

कोणाशी बोलावं ते कळेना, म्हणून मंडळात गेलो. घरात बोलायला तुझी भावजय आहे, पण ती तुझ्या बाजूची. मुख्याध्यापिकाबाईंसमोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. म्हटलं, एका अकरा वर्षांच्या पोरीने मास्तरांना फसवलं आणि माझी दोन वर्षं गेली. बाई चष्मा काढून म्हणाल्या, 'फसवलं? तीस वर्षं मी दाखले लिहिले. चार वर्षांचं पोर आणि सहा वर्षांचं पोर आम्हाला कळत नाही असं वाटतं तुम्हाला? पोराच्या मागे एक पोरगी उभी असायची, त्याचा हात घट्ट धरून. आम्ही पोराकडे बघून लिहीत नव्हतो. पोरीकडे बघून लिहीत होतो.'

उठून गॅलरीत गेलो. तिथे घड्याळजी होते, त्यांनी काही न विचारता खिशातून सुपारी काढून दिली.

ताई, मी इतकी वर्षं समजत होतो की माझी तारीख कोणी तरी निष्काळजीपणे लिहिली. कोणाच्या तरी घाईत माझं आयुष्य दोन बोटं इकडे सरकलं, असं. तेच मला खुपत होतं. पैसे नव्हे, नोकरी नव्हे. आपल्याबद्दल कोणी विचारच केला नाही, हे. आणि तू तर तीन दिवस घरात बसून त्या तारखेचा विचार केला होतास. माझ्या खऱ्या जन्मतारखेला काय, कोणी काही ठरवलं नव्हतं, मी आपला झालो. ही दुसरी तारीख मात्र एकीला हवी होती म्हणून झाली. तिच्यावर तू दहावी झालीस, घर चालवलंस, मेहुण्यांना आठ वर्षं सांभाळलंस. मग ती खोटी कशी?

खिशातला अर्ज काढला, बाईंच्या टेबलावर सरळ केला, आणि जन्मतारखेच्या रकान्यात तुझी तारीख लिहिली. स्वच्छ अक्षरात. बाईंनी वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि शिक्का मारला.

त्याच दुपारी किल्ली मिळाली. आठ दिवस वर मशीनच्या खोलीत होतो. अस्तर बदललं, दोर तपासले, दाराचं कुलूप बसवलं. आता मजल्याला मजला लागतो, नाणं उभं ठेवलं तरी पडत नाही. परवा त्रेचाळीस जण आले. त्या काठीवाल्या आजी बाहेर पाऊल टाकताना सवयीने पाय उंच उचलायला गेल्या आणि अडखळल्याच, मग परत आत जाऊन तीनदा चढउतार करून आल्या. मंडळाच्या वरच्या कचेरीतून विचारणा आलीय, आणखी अकरा शाखांना जुन्या लिफ्टा आहेत, बघाल का. बघाल का म्हणे. तुझ्या भावजयीला अजून सांगितलं नाही, ती मला बेकार समजून रोज माझ्या पुढ्यात दुधाची साय ठेवतेय.

मंडळात मला मिळणार काय, असं मी विचारलं होतं. बरंच मिळालं. पण कार्ड अजून गळ्यात घातलेलं नाही.

आता एक विचारतो. त्या दिवशी शाळेच्या दारात मी रडलो का? कितीही आठवलं तरी मला त्यातलं काही आठवत नाही. बोटीवर सांग, त्या किनारा नसलेल्या दिवशी.

धाकटा


२४ एप्रिल

धाकट्या,

वीस तारखेला मला खरोखरच हाकललं त्यांनी. कंडक्टरबाई दारात उभी होती, म्हणाली, 'गाडी भरलीय, उतरता येणार नाही.' तिथेच पायरीवर बसून मी हसले आणि रडले, दोन्ही एकदम, आणि सगळ्यांनी मला पाणी पाजलं. तुझं पत्र त्यानंतर दोन दिवसांनी आलं. तुझा राग घेऊन ये. मी जागा ठेवलीय त्याला.

नऊ मेच्या संध्याकाळच्या गाडीने मी तुझ्याकडे येते, दहाला सकाळी आपण एकत्र निघू. भावजयीला सांग, साय बंद करू नकोस, मी आल्यावर मलाही चालेल. आणि तिला आता अकरा लिफ्टांचं सांगून टाक, बिचारी काळजीत आहे.

तू विचारलंस ते मला बोटीपर्यंत पोटात ठेवता येत नाही, म्हणून आत्ताच सांगते. तू रडला नाहीस. मास्तरांनी तुला विचारलं, 'बाळ, किती वर्षांचा तू?' तू चार बोटं वर केलीस. घरी मीच शिकवली होती तुला. मी तुझा हात माझ्या हातात घेऊन बोटं मिटवली आणि म्हटलं, सहा. तू मान वर करून माझ्याकडे पाहिलंस. तुला चांगलं माहीत होतं की चार. मास्तरांनी पुन्हा विचारलं, 'सहा का रे?' आणि तू माझ्याकडे बघत बघत मान हलवून 'हो' म्हणालास.

ताई